शुक्रवारचा मासा

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फेरीबोटीच्या इंजिनाच्या नोंदी सोडल्या तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. तिथं तेलाचा दाब लिहायचा, खाली लुत्फी म्हणून सही ठोकायची, झालं. पण आज डोकं इतकं तापलंय की कुठंतरी रिकामं करायला हवं. घरात आहोत दोघंच, मी आणि मासा. आणि माशाचा पत्ता नाही.

मासा जुमानासाठी आणला. तलाक झाल्यापासून ती आईजवळ, कालव्यापलीकडे पोर्ट सईदला असते आणि मी इकडे पोर्ट फुआदला. जुम्म्याची नमाज झाली की रबाब तिला धक्क्यावर आणून सोडते, सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानला परत न्यायला तिथंच येऊन उभी राहते. आठवड्यातली तेवढी दुपार माझी. नऊ वर्षांची पोर माझ्या दोन खोल्यांत येऊन करणार काय? मागच्या शुक्रवारी जेवण झाल्या झाल्या तिनं विचारलं, "बाबा, आपण घरी कधी जायचं?" घरी म्हणजे तिकडे. ते ऐकून दुसऱ्याच दिवशी टाकी आणली.

अरब मोहल्ल्यात बिशाराचं माशांचं दुकान आहे. त्याला म्हटलं, ते सोनेरी-बिनेरी नको, सगळ्यांकडे असतात. पोरीनं वर्गात जाऊन सांगावं असं काहीतरी दे. त्यानं एका मातीच्या नळीतून हलवून हलवून हा बाहेर काढला. बोटाएवढा, तपकिरी, अंगभर ठिपके, तोंडाला मिशा. "आपल्या नाईलमधल्या शाल माशाचा लांबचा चुलतभाऊ आहे. याची गंमत तुला घरी गेल्यावर कळेल, उस्ता," म्हणाला. इंजिनवाल्याला इथं उस्ताच म्हणतात.

गंमत अशी की पिशवी टाकीत रिकामी केली तसा मासा आतल्या लहान मडक्यामागे गेला, तो गेलाच. जुमाना दुपारभर काचेला नाक लावून बसली होती.

"बाबा, यात मासा आहे ना नक्की?"

"आहे गं."

"मग दाखव."

दाखवता आला नाही. काठीनं मडकं सरकवलं तर तो फिल्टरमागे. फिल्टर हलवला तर पुन्हा मडक्यामागे. मला दिसली ती फक्त शेपटी, तिला तीही नाही. धक्क्यावर रबाबनं विचारलं, "काय गं, मासा पाहिलास?" जुमाना म्हणाली, "पाणी पाहिलं."


रविवार, ५ ऑक्टोबर

पाळीवरून उतरलो तो तडक बिशाराकडे. दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.

"अरे, हा रात्रपाळीचा आहे," तो म्हणाला. "दिवसा दिसणार नाही. तुझ्याच जातीचा समज."

"मग मला दिलास कशाला?"

"तू म्हणालास वेगळा दे. दिवसाढवळ्या दिसणारे सगळे सारखेच असतात."

मी म्हटलं, परत घे. तो म्हणाला, "घेतो की. पण मुलीला काय सांगशील? आला आणि गेला?"

त्यानं सहज म्हटलं असेल, पण मला ते झोंबलं. परत केला नाही. वर त्याचं व्याख्यान ऐकून घ्यावं लागलं. उजेड कमी ठेव, काचेवर टकटक करू नकोस, घाई करू नकोस. घाई करू नकोस म्हणे. रात्रभर मी इंजिनाशी. तेव्हा तो बाहेर येऊन नाचत असेल तर मला काय त्याचं? मला तो शुक्रवारी दुपारी हवा आहे.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

टाकीवर मोठा पांढरा दिवा बसवला. बिशारा काहीही म्हणो, उजेडाची सवय लावली तर लागते. माणसांना लागते, माशाला का लागू नये?

दुपारी जेवणाचा घोटाळा. बाजारातून ताजी बोई आणली होती, तळायला घेणार तेवढ्यात जुमाना स्वयंपाकघराच्या दारात.

"बाबा, त्याच्यासमोर?"

"कोणासमोर?"

तिनं टाकीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तो दिसत नाही, त्याला काय दिसतंय? तिला ते पटलं नाही. पोर्ट सईदची पोर, जन्मापासून माशांवर वाढलेली, आणि शेवटी कोपऱ्यावरून ताअमियाचे वडे आणून पोळीत गुंडाळून खाल्ले. बोई आता मी एकटा खाणार.

जेवण झाल्यावर दोघं कोचावर बसलो, टाकीवर डोळे लावून. काही नाही. बुडबुडे. मला जरा पापणी लागली, दहा मिनिटं असेल. जागा झालो तर खोलीत अंधार. जुमानानं खिडकीच्या झडपा ओढून घेतल्या होत्या, टाकीचा दिवाही मालवला होता. माझ्या पायांतले बूट काढून कोचाखाली ठेवलेले, अंगावर शाल.

"दिवा का बंद केलास? मी त्याला उजेडाची सवय लावतोय ना."

"तुझ्या तोंडावर येत होता."

मी रागावलो नाही, पण आवाज चढला असेल. बाहेर पडेपर्यंत अजान होऊन गेली होती. पळत धक्क्यावर पोचलो. रबाब नुसती घड्याळाकडे बघून उभी. दहा मिनिटांच्या डुलकीनं एवढा उशीर कसा झाला, देव जाणे. ताअमियाच्या रांगेत वेळ गेला असणार.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल पहाटे पाळी सुटताना आमच्या कप्तान अवादला सगळं सांगितलं. अवाद म्हणाला, "लपायची जागाच काढून घे. मडकं नाही तर मासा जाईल कुठं? माझ्या मेव्हण्याला आम्ही असंच कामाला लावलं."

घरी येऊन मडकं काढलं, दगड काढले, टाकी खानावळीच्या टेबलासारखी साफ केली. मासा हीटरच्या मागे जाऊन चिकटला. संध्याकाळी उठून पाहतो तर तिथंच. आज बिशाराला सांगितलं, तर त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"त्याला भाजायचा आहे का तुला?"

"मला तो बाहेर यायला हवाय."

"उस्ता, तुझ्या घरात कुणी भर दुपारी येऊन पलंग काढून नेला, तर तू नाचायला लागशील का?"

मडकं परत ठेवलं. दगडही. आणखी त्यानं पाण्यावर तरंगणारी एक वनस्पती दिली, सावलीसाठी. म्हणजे आता उजेड द्यायचा आणि वरून सावलीही करायची. या धंद्यातल्या लोकांच्या डोक्यात काय असतं कळत नाही.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

जुमानानं आज माशाबद्दल एक शब्द विचारला नाही. आल्याबरोबर टाकीकडे एकदा पाहिलं, मडकं जागेवर आहे एवढं बघितलं आणि दप्तर उघडून बसली. उत्साह गेला तिचा. मुलांचं असंच असतं, दोन वेळा निराश केलं की तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

मीच विषय काढला. "लाजरा आहे गं फार. पण मी आणीन त्याला बाहेर."

"राहू दे ना बाबा." मग जरा वेळानं, "त्याचं पोट काळं आहे."

"पोट? पाठ म्हणायचंय तुला. माशाचं पोट कधी काळं नसतं. पाठ गडद, पोट पांढरं. धक्क्यावर रोज टोपल्यांनी बघतो मी."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली. हे "बरं" तिनं तिच्या आईकडून उचललंय. अकरा वर्षं ऐकलंय मी ते.

नंतर म्हणाली, "बाबा, तू रात्रभर काम केलंस ना? दमला नाहीस?"

"तू आलीस की मी दमत नाही."

"जरा आडवा हो. मी गृहपाठ करते."

नाही म्हटलं. शुक्रवारची दुपार झोपण्यात घालवणारा बाप मी नव्हे. टाकीकडे तोंड करून बसलो, हातात चहा. मध्ये कधीतरी मिनिटभर मान पडली असेल, कारण नंतर चहाचा घोट घेतला तर थंडगार. झडपा पुन्हा बंद होत्या. तिला अंधाराची आवड केव्हापासून लागली? रबाबला विचारायला हवं, पण रबाबला काही विचारलं की त्याचे दहा प्रश्न होऊन परत येतात.

एक गोष्ट मात्र आहे. दुपारी टाकलेली खाण्याची गोळी संध्याकाळी नव्हती. म्हणजे हा चोर खातो, पण आमची पाठ वळल्यावर.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज सगळं करून पाहिलं. दिव्यावर लाल कागद लावला. गोळीऐवजी जिवंत अळ्या आणल्या, शेवाळासारखा वास येणाऱ्या. बिशाराच्या सांगण्यावरून चार लहान चंदेरी मासे सोडले. ते बागडताना दिसले की याला धीर येतो म्हणे. चार मासे बागडले, अळ्या त्यांनीच खाल्ल्या. आमचे शेख साहेब मडक्यात.

जुमानानं टाकी जरा वेळ बघितली. "हे चार छान आहेत," म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं.

तिनं एक चित्र काढलं. तपकिरी मासा, ठिपके, मिशा, सगळं बरोबर, फक्त उलटं. मडकं सरळ, वनस्पती सरळ, आणि मासा पोट वर करून. मी म्हटलं, "अगं, हा उलटा आलाय." तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. मासा सरळ दिसावा म्हणून मी कागदच उलटा करून फ्रिजवर चिकटवला. त्यामुळे मडकं आता उलटं लटकतंय, पण मासा तरी माशासारखा दिसतो.

आजही जरा डोळा लागला. लाल कागदामुळे असेल, त्या उजेडात झोप येते. पुन्हा पळापळ, पुन्हा धक्क्यावर रबाब. या वेळी ती बोलली: "लुत्फी, अजान तुमच्याकडे ऐकू येत नाही का?"


सोमवार, २७ ऑक्टोबर

दुपारी मेल्यासारखा झोपलो होतो, फोन वाजला. रबाब.

"तुझा मासा मेलाय का?"

"काय?"

"जुमाना सांगते, मासा पोट वर करून पाण्यात फिरतो. उलटा. लुत्फी, पोट वर करून तरंगतो तो मेलेला असतो. पोर दर शुक्रवारी मेलेला मासा बघत बसते का तुझ्या घरी?"

"तिनं मासा पाहिलेलाच नाही. कुणीच पाहिलेला नाही."

"मग ती खोटं बोलते?"

म्हटलं, मुलं कल्पना करतात.

"माझ्याशी ती कल्पना करत नाही. मी दर शुक्रवारी विचारते, बाबाकडे काय केलंस? दर वेळी एकच उत्तर, 'आम्ही दोघांनी मासा बघितला.' आणि तू म्हणतोस मासा दिसतच नाही." मग म्हणाली, "हे बघ, क्लबात शुक्रवारी दुपारी पोहण्याचा वर्ग सुरू होतोय. तिच्या मैत्रिणी जाणार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

फोन ठेवल्यावर बाह्या सरसावून टाकीत हात घातला. मेला असेल तर निदान कळेल. मडक्यात बोट घातलं तशी सणकन कळ आली. त्याच्या परांना काटे असतात हे बिशारानं सांगितलं नव्हतं. मासा जिवंत आहे, चांगला जिवंत आहे. माझं बोट सुजलंय.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

जेवण झाल्यावर मी तिला समोर बसवलं. म्हटलं, "जुमाना, तू आईला काय सांगितलंस माशाबद्दल?"

तिनं दप्तराचा पट्टा ओढला.

"तो उलटा पोहतो असं सांगितलंस?"

"हो."

"तू त्याला पाहिलंयस?"

"हो."

"केव्हा? मी दर शुक्रवारी तुझ्याशेजारी बसलेला असतो. मला दिसत नाही, तुला कसा दिसतो?"

ती कोचाच्या कापडावर बोट फिरवत राहिली. मी पुन्हा विचारलं. आवाज चढला. सुजलेलं बोट, रात्रीची पाळी, त्यात रबाबचा तो वर्ग, सगळं एकदम वर आलं. म्हटलं, "खरं सांग, मी काही म्हणणार नाही. माशासाठी खोटं बोलायची गरज नाही. बाबाला वाईट वाटेल म्हणून बोलली असशील तर तेही सांग."

"मी खोटं बोलत नाही."

"मग केव्हा पाहिलास?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगणार होती, एवढं नक्की. मग उठली, बूट घातले आणि दप्तर मांडीवर घेऊन दाराशी जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काय करायचं ते कळलं असतं. अजान व्हायला खूप अवकाश होता. मी आतून म्हटलं, ये, चहा करतो. ती म्हणाली, "मी इथंच बरी आहे."

आज मला एक क्षण झोप आली नाही. टक्क जागा होतो. मासाही फिरकला नाही, अर्थात.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी रबाबचा निरोप, जुमानाचं पोट दुखतंय.

तरी नमाजेनंतर धक्क्यावर गेलो. फेरीबोटी येत होत्या, जात होत्या. सगळ्या माझ्या ओळखीच्या, आवाजावरून सांगू शकेन कुठल्या इंजिनाला काय हवंय. माणसं उतरली, मुलं उतरली. वरून समुद्रपक्षी पावाच्या तुकड्यांसाठी भांडत होते. घरी येऊन बोई तळली. आता कुणासमोर लाजायचं? पण अर्धी तशीच राहिली.

कोचावर पडलो, झोप नाही. डोळ्यांवर ऊन येत होतं. झडपा लावायला उठावंसं वाटेना.


शनिवार, ८ नोव्हेंबर

सुरुवातीलाच करायला हवं होतं ते आज करायला निघालो. जाळीनं मासा धरला, पिशवीत भरला आणि बिशाराच्या टेबलावर ठेवला.

"घे बाबा हा. माझ्या घराची वाट लावली यानं."

"एवढ्याशानं?"

सगळं सांगितलं. रबाब, वर्ग, खोटं बोलणं. पोर म्हणते मासा उलटा पोहतो, पोट काळं आहे. बिशारानं सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागला, म्हातारा खुर्चीतून पडतो की काय असा.

"उस्ता, हा उलटाच पोहतो. पाठीवर. हीच तर त्याची गंमत. म्हणून तर तुला दिला."

"पोट?"

"काळं. वर पोट असतं ना त्याचं, म्हणून तेच गडद. पाठ फिकी." त्यानं पिशवी उजेडाला धरली. मासा कोपऱ्यात चिकटलेला, पण पोटाची काळी बाजू दिसली मला. "तुझ्या मुलीनं पाहिलाय. चांगला वेळ देऊन पाहिलाय. ही गोष्ट कुणाला कल्पनेनं सुचत नाही."

मी म्हटलं, पण केव्हा? मी तिथंच असतो.

"तिथं असतोस, पण जागा असतोस का?"

पिशवी उचलली आणि परत आलो.

वाटेत एकेक आठवत गेलं. झडपा बंद. दिवा बंद. खोली शांत, आणि कुणी काचेवर टकटक करत नाही. बिशारानं सुरुवातीला जे जे सांगितलं ते सगळं माझ्या पोरीनं केलं होतं, आणि माशासाठी नाही केलं. थंड चहा. अजान होऊन गेलेली. दहा मिनिटं, पाच मिनिटं, मिनिटभर. कुणाला फसवत होतो मी? दर शुक्रवारी बाप घोरत पडायचा आणि पोर अंधारात एकटी बसायची, आणि मग घरी जाऊन आईला सांगायची, आम्ही दोघांनी मासा बघितला.

आणि मी तिला विचारलं, केव्हा पाहिलास ते सांग.

फ्रिजवरचा कागद काढून सरळ लावला.


रविवार, ९ नोव्हेंबर

झोपायच्या वेळी झोपलो नाही. अंघोळ करून पलीकडे गेलो. रबाबच्या घराचा जिना चढून किती काळ झाला होता. तिनं दार उघडलं, अंगावर औषधांच्या दुकानातला पांढरा कोट, कामावर निघालेली.

"काय झालं? तू या वेळी जागा कसा?"

"जुमाना शाळेत? शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली ना?"

"यायची आहे एवढ्यात. काय झालं?"

म्हटलं, "मी झोपतो. शुक्रवारी. ती येते आणि मी झोपतो."

वाटलं आता वर्गाचं नक्की करून टाकेल. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मला माहीत आहे."

"तिनं सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? लुत्फी, अकरा वर्षं मी त्या घरात दिवसा चवड्यांवर चालले. भांडं वाजू दिलं नाही, रेडिओ लावला नाही, सगळ्या शेजारणी भर दुपारी हसायच्या आणि मी अंधारात भाज्या चिरायची. बाबा झोपले की झडपा लावायच्या, हे तिला मीच शिकवलंय, रांगत होती तेव्हापासून."

हे तिनं भांडताना कधी म्हटलं नव्हतं. भांडताना बाकी सगळं म्हणायची.

मी म्हटलं, "मासा खरंच उलटा पोहतो. ती खोटं बोलली नव्हती. तेवढं तिला सांगायला आलोय."

"मग तिलाच सांग," म्हणाली आणि कोट काढून आत गेली. कामावर गेली नाही लगेच. चहा केला, साखर न विचारता बरोबर टाकली.

जुमाना आली. मला बघून दप्तर खांद्यावरच ठेवून उभी राहिली. मी सांगितलं, "बिशाराकडे गेलो होतो. तो पाठीवर पोहतो. पोट काळं असतं. तू खरं सांगत होतीस, आणि मी तुझ्यावर ओरडलो. चुकलं माझं."

"बरं," म्हणाली. पण हे वेगळं "बरं" होतं.

"मला का नाही सांगितलंस, की मी झोपल्यावर तो येतो?"

"मग तू झोपला नसतास."

"मग?"

"मग तो आला नसता." मग हळूच, "आणि तुझे डोळे लाल असतात."

रबाबनं पाठ फिरवून कप विसळायला घेतले.


बुधवार, १२ नोव्हेंबर

अवादकडे गुरुवारची रात्र सुट्टी मागितली. म्हणजे शुक्रवारी ताजातवाना असेन.

"लग्न-बिग्न आहे का?"

"मुलगी येणार आहे."

"ती तर दर शुक्रवारी येते."

"या शुक्रवारी मी जागा राहणार आहे."

त्यानं दुसरा माणूस लावून दिला. वर म्हणाला, "मासा आला तर मला सांग. नाहीच आला तर तळ."


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रात्रभर पलंगावर टक्क जागा. इतकी वर्षं रात्री जागलो, आता शरीराला रात्री झोपायचं म्हणजे काय तेच कळेना. इंजिनाचा आवाज नसला की कान वाजतात. पहाटेच्या फजरच्या अजानपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. सुट्टी घेतली आणि नेहमीपेक्षा जास्त थकून धक्क्यावर उभा राहिलो. डोक्यात तिडीक.

पण जुमाना आली. जेवलो, डाळभाताचं कोशरी, माशासमोर चालण्यासारखं. मग सगळं रीतसर केलं. झडपा ओढल्या, दिवे मालवले, चारी चंदेरी मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. दोघं कोचावर. मी डोळे ताणून.

मासा आला नाही. पाय सुन्न होईपर्यंत बसलो, आला नाही.

"तू फार बघतोस," जुमाना कुजबुजली.

"बघू नको तर काय करू?"

"आडवा हो. डोळे मीट. मी सांगते तुला."

"म्हणजे मी कधीच बघायचा नाही?"

"नंतर. त्याला सवय झाली की."

मला सांगायचं होतं की ही टाकी मी आणली, हात मी घातला, काटा मला लागला. पण आडवा झालो. डोळे मिटले. तिनं शाल टाकली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज, अगदी कानाशी:

"मिशा बाहेर आल्या. ... डोकं आलं. ... आता तो पानाखाली गेलाय, उलटा. पानाच्या खालून काहीतरी खातोय. ... उघडलेस! गेला."

"नाही उघडले."

"पापणी हलली. थांब आता."

थांबलो. ती पुन्हा सांगू लागली. मला नंतरचं आठवत नाही.

जाग आली ती दारावरच्या थापेनं. जोरात होती, रागाची होती, एकदाच पडली. मग जुमानाची पावलं, कडी, आणि "श्श." मी डोळे उघडणार होतो, पण रबाबचा आवाज आला, दबलेला, तरी धारदार.

"अजान होऊन किती वेळ झाला! मी धक्क्यावर वेड्यासारखी..."

"आई, हळू. तो बाहेर आहे."

"कोण बाहेर आहे? तुझा बाप तर आडवा..."

"बूट काढ."

एक बूट टेकला, पाठोपाठ दुसरा. मग अनवाणी पावलं. कोचाच्या पायथ्याशी चटईवर कुणी बसल्याचा आवाज, कपड्यांचा, बांगडीचा. माझ्या पायांपाशी.

"कुठं?"

"तिकडे नाही. वर बघ. पानाच्या खाली."

आणि मग रबाब, तिच्या त्या आवाजात, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता:

"अगं, खरंच उलटा आहे."

"मी सांगत होते."

"आणि केवढा खातोय. याला उठव ना, याला दाखव."

"नको. उठला की तो जातो."

रबाब हसली, नाकातून, आवाज न करता. "बरं," म्हणाली.

मी पूर्ण जागा होतो. मान अवघडली होती, शालीची लोकर नाकात जात होती, शिंक येईल अशी भीती वाटत होती. डोळे उघडले असते तर तो समोरच असणार होता, एका हाताच्या अंतरावर, पाठीवर पोहत. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो. मी डोळे मिटून राहिलो. पापणीसुद्धा हलू दिली नाही.

बराच वेळ होता तो बाहेर, असं त्या दोघींच्या बोलण्यावरून वाटलं.